तंत्रसाक्षरतेचे मोजमाप कोणते?

अकरावी प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन पद्धत २०२५ साली प्रथमच संपूर्ण महाराष्ट्रास लागू झाली. तोवर काही मोठ्या शहरांपुरती असलेली ही व्यवस्था कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावीही आली. नुकत्याच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींनी नोंदणी करावी, अर्जाचे दोन्ही भाग भरावेत आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम ठरवावा, अशी अपेक्षा शासनाने धरली. ही अपेक्षा गैर नव्हे. परंतु ज्या कौशल्यावर पुढील शिक्षणाचे दार उघडणार, ते कौशल्य आधीच्या दहा वर्षांत या मुलांना कोणी शिकविले, असा प्रश्न विचारणे भाग आहे.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे उदाहरण बोलके आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली असताना ती कावरीबावरी होऊन आली. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने नोंदणी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर केली होती. पासवर्ड त्याच्यापाशी, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो लग्नानिमित्त परगावी. ‘सर, माझा अर्ज त्यांच्याकडे आहे,’ हे तिचे शब्द होते. मुलगी हुशार, दहावीला उत्तम गुण मिळविलेली. तथापि स्वतःच्या नावाची किल्ली स्वतःपाशी ठेवावी, हे तिला कोणत्याही इयत्तेत कोणी सांगितलेले नव्हते.

‘आजची मुले मोबाइल मास्तरांपेक्षा चांगला चालवितात’ असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करण्यात येते. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले; पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के होती. म्हणजे यंत्र हाती आले. त्याचा उपयोग हाती आला असे म्हणता येत नाही.

निकष होते, अंमल नव्हता

या विषयाचा विचारच झाला नाही, असेही नव्हे. केंद्र शासनाने १९८४-८५ साली ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पाठविले. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने शालेय तंत्रसाक्षरतेच्या प्राथमिक, मध्यम व प्रगत अशा तीन पायऱ्या आखून दिल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व वर्गांपासून संगणकीय आज्ञालेखनाचा पुरस्कार केला. कागदावर पायऱ्या आहेत, पण जिना चढावयास शाळेत यंत्र हवे. ‘यूडायस’च्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातील केवळ ५७ टक्के शाळांत संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते.

शाळेने सोडलेली जागा बाजार भरून काढतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी मराठी तरुणांना संगणकाचा प्रथम स्पर्श घडविला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण तो सशुल्क आहे आणि शाळेबाहेर आहे. जे ज्ञान शाळेत सर्वांना मिळावयास हवे, ते शाळेबाहेर विकत घ्यावे लागले की त्याची किंमत सर्वांत गरीब घर सर्वाधिक मोजते. मुलींच्या बाबतीत तर ही किंमत दुहेरी आहे. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांपाशी स्वतःचा फोन होता; मुलींपैकी जेमतेम २० टक्क्यांपाशी.

केरळने वेगळी वाट चोखाळली. तेथे दहावीच्या परीक्षेत माहिती तंत्रज्ञान हा विषय २००५ पासून आहे आणि त्याची परीक्षा प्रत्यक्ष संगणकावर घेतली जाते. आधी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शाळेत यंत्रे, मग परीक्षा, हा क्रम तेथे पाळला गेला.

दहावीअखेर काय यावे?

प्रस्तुत लेखकाच्या मते आपला निकष लांबलचक नसावा. दहावी संपताना प्रत्येक विद्यार्थ्यास मराठीतून अर्ज टंकलिखित करता यावा. शासकीय संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी करून पासवर्ड सांभाळता यावा. एखादी बातमी वा शासन निर्णय खरा की खोटा हे मूळ ठिकाणी जाऊन पडताळता यावे. घरच्या जमाखर्चाचा तक्ता मांडून बेरीज व टक्केवारी काढता यावी. आणि ओटीपी मागणाऱ्या अनोळखी माणसास नाही म्हणता यावे. आज्ञालेखन ही पुढची पायरी. ज्यास आवड आहे त्याने ती अवश्य चढावी. २०२१ पासून शेतातील पिकाची नोंद मोबाइलवर करावी लागते आणि कित्येक घरी ती शाळकरी मुलगाच करतो. म्हणजे यातील काही परीक्षा ही मुले आजही देत आहेत. फक्त त्यांना कोणी शिकविलेले नाही.

मुलांना धड वाचता येत नसताना हा नवा भार कशाला, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. ‘असर’च्या त्याच २०२३ च्या पाहणीत सुमारे चतुर्थांश तरुणांना दुसरीचा मजकूर मातृभाषेतही अस्खलित वाचता आला नाही. यावरून निष्कर्ष इतकाच निघतो की, तंत्रसाक्षरता वाचनाच्या पायावरच उभी राहू शकते. म्हणून तिचा निकष मराठीतून असावा, तिची परीक्षा प्रात्यक्षिक असावी, आणि ज्या शाळेस चालू संगणक, वीज व प्रशिक्षित शिक्षक दिलेला नाही, तेथील विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण ठरविण्याचा अधिकार शासनास नसावा. निकष प्रथम शासनाला लागू व्हावा, मग मुलाला.

आमच्या गावाने यंत्रयुग पूर्वीही पाहिले आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील, आता बंद पडलेली ‘शकुंतला’ कारंजावरूनच धावत असे. तिने वऱ्हाडचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेला. पण तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरचे आणि मालकी विलायती कंपनीची. यंत्र दारावरून गेले, विद्या मात्र दारात उतरली नाही. आता दुसरे यंत्र थेट मुलांच्या हातात आले आहे. या खेपेस तरी किल्ली दुकानदाराच्या खिशात राहू नये, एवढी काळजी शाळेने घ्यावयास हवी.