टॉर्चचा सेल, तार अन् दोन सेफ्टी पिना : चौथीतली पोरंही बनवू शकतात फिरती मोटर

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात पालकांची गर्दी होते. थर्माकोलचं रेडीमेड मॉडेल घ्यायचं, वर पोराच्या नावाची पट्टी चिकटवायची, झालं काम! पोराला विचारलं की हे चालतं कसं, तर ते बापाकडं बघतं.

स्वतः हातानं करून शिकायची सोय आपल्याकडं नवी नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोच मुळी काम करता करता शिकण्यासाठी. टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची साधी मोटर आज देशभरातल्या शाळांत पोरं बनवतात.

सामान असं : टॉर्चचा जाडा सेल, साधारण एक मीटर वायंडिंगची तांब्याची तार, जुन्या स्पीकरमधला चुंबक, दोन सेफ्टी पिना अन् सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी. तार मोटर वायंडिंगवाल्याकडं मिळते. मात्र जळालेल्या मोटरची तार घेऊ नका, तिच्यावरचा लेप गेलेला असतो. नव्या तारेचा उरलेला तुकडा मागा.

सेलवरच तारेचे दहा वेढे घ्यायचे अन् वेटोळं काढून दोन्ही टोकं समोरासमोर सरळ ठेवायची. सेलच्या दोन्ही बाजूंना रबरानं पिना उभ्या बसवायच्या, चुंबक सेलवर मधोमध चिकटवायचा. पिनांच्या भोकांत वेटोळं टांगायचं.

खरी गोम तार खरवडण्यात आहे. तारेवर लाखेसारखा लेप असतो, त्यातून वीज जात नाही. एक टोक पूर्ण खरवडायचं. दुसरं मात्र वेटोळं उभं धरून फक्त वरच्या अर्ध्या बाजूनं. का? वीज वाहिली की वेटोळं स्वतःच चुंबक बनतं अन् खालचा चुंबक त्याला ढकलतो. पण अर्धा फेरा झाला की तोच धक्का उलट्या दिशेनं बसायला लागतो. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं जागच्या जागी थरथरतं. एका टोकाला अर्धा लेप ठेवला की त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद राहते, वेटोळं आधीच्या वेगावर पुढं सरकतं अन् परत धक्का मिळतो. बोटानं हलकीच टिचकी मारली की भिरभिरायला लागतं.

पहिल्या झटक्यात बहुतेकांची मोटर फिरत नाही. गुरुजींनी लगेच हात घालू नये. टोकं वाकडी आहेत का, लेप नीट निघालाय का, हे पोरांनीच हुडकावं. मग पुढचे प्रश्न त्यांचेच : वेढे वाढवले तर? दोन चुंबक लावले तर? कागदाचा पंखा बसवता येईल का?

अडचण वेगळीच आहे. शासनाची अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी. इन्स्पायर-मानक योजनेत नव्या कल्पनेला 10 हजार रुपये मिळतात, पण तीही सहावीपासून पुढं. झेडपीच्या बऱ्याच गावशाळा चौथी-पाचवीपर्यंतच. म्हणजे ज्या वयात पोरगं घरातला रेडिओ खोलून बसतं, नेमकं त्याच वयाला योजना नाही! सामानाचा खर्च तसा फार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी एवढा एक विषय मांडायला काय हरकत आहे?

काळजी एवढी घ्या : मोटर फिरत नसताना सेल जोडून ठेवू नका, तार चटका देण्याइतकी तापते. मोबाईलची बॅटरी यासाठी वापरू नका. अन् घरातल्या बोर्डाच्या विजेला यातलं काहीही लावायचं नाही, मोठं माणूस जवळ असलं तरी नाही.