अमेरिकी पोरं आणि २२ अरबी खुर्च्या

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात स्पार्टनबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या कॉन्व्हर्स विद्यापीठात वर्षानुवर्षं एक भन्नाट संमेलन भरत आलंय. कोट-टाय घातलेली कॉलेजची पोरं-पोरी गोल बसतात आणि तावातावानं वाद घालू लागतात. ही म्हणते, येमेनला हे मान्य नाही. तो म्हणतो, कुवेतची हरकत आहे. तिसरा मॉरिटानियाच्या वतीनं मसुद्यात दुरुस्ती सुचवतो. ‘आमचा देश’ असं प्रत्येक जण म्हणतो, पण तो देश अमेरिका नसतो.

या उपक्रमाचं नाव मॉडेल अरब लीग, म्हणजे अरब देशांच्या ‘अरब लीग’ या संघटनेची विद्यार्थ्यांनी भरवलेली प्रतिकृती. तो चालवते नॅशनल कौन्सिल ऑन यू.एस.-अरब रिलेशन्स ही वॉशिंग्टनमधली ना-नफा संस्था. १९८३ साली ती सुरू झाली. अरब देश आणि त्यांच्याशी अमेरिकेचे असलेले संबंध सामान्य अमेरिकी माणसाला समजावून सांगायचे, एवढंच तिनं अंगावर घेतलेलं काम. ऐकायला रुक्ष वाटतं, पण तिच्या विषयात शिरलं की गोष्टी अशा निघतात की हातातला चहा गार होतो!

अमेरिकेला खुर्चीच नाही

पहिली मॉडेल अरब लीग १९८३ मध्येच वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात भरली. पुढे ओहायोतल्या मायामी विद्यापीठासारख्या अनेक ठिकाणी तिच्या प्रादेशिक फेऱ्या सुरू झाल्या. आपल्याकडच्या कॉलेजांत मॉडेल युनायटेड नेशन्स भरतं, त्याच जातकुळीचा हा प्रकार. फरक एकच, पण फार मोठा. संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेला मानाची जागा आहे, नकाराधिकार आहे. अरब लीगमध्ये अमेरिका सदस्यच नाही, म्हणून तिच्या नावाची पाटी कुठल्याच टेबलावर नसते. त्या दोन-तीन दिवसांत अमेरिकी विद्यार्थ्याला स्वतःच्या देशाची बाजू मांडायची सोयच उरत नाही.

माझ्या मते या उपक्रमाची सगळी ताकद इथेच आहे. वाट्याला सुदान आला, तर सुदानचं खरंखुरं धोरण काय आहे हे शोधून काढायचं आणि ते स्वतःला पटत नसलं तरी नेटानं मांडायचं. पाण्याचा प्रश्न निघाला की इजिप्त आणि सुदान नाईलबद्दल बोलणार, इराक आणि सीरिया युफ्रेटिसबद्दल. संरक्षण, अर्थकारण, पर्यावरण, सामाजिक प्रश्न, पॅलेस्टाइन अशा वेगवेगळ्या समित्या असतात. ठराव लिहायचे, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात जाऊन मतं जुळवायची आणि मग मतदान. दुसऱ्या देशाबद्दल पुस्तक वाचणं निराळं आणि त्या देशाच्या वतीनं अडचणीच्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देणं निराळं.

आणखी एक गंमत. या विद्यार्थ्यांच्या लीगमध्ये ‘अरब न्यायालय’सुद्धा भरतं. देश एकमेकांवर खटले भरतात, विद्यार्थी वकिली करतात, विद्यार्थीच निवाडा देतात. खऱ्या अरब लीगच्या १९४५ च्या करारात अशा न्यायाधिकरणाचा विचार मांडलेला आहे, पण ते प्रत्यक्षात कधी उभं राहिलं नाही. खऱ्यांना जमलं नाही ते पोरांनी करून दाखवलं!

संस्थेचा कर्ता माणूस

संस्थापक डॉ. जॉन ड्यूक अँथनी. आखाती देशांचे जाणकार. आखातातल्या छोट्या अरब राज्यांवरचं त्यांचं पुस्तक १९७५ मध्ये आलं, म्हणजे संयुक्त अरब अमिराती हा देश जेमतेम चार वर्षांचा असताना. दुबई म्हणजे काय हे जगाला कळायच्या कितीतरी आधी हा माणूस त्या किनाऱ्याचा अभ्यास करून बसला होता.

संस्था अमेरिकी प्राध्यापकांना अरब देशांच्या अभ्यासदौऱ्यावर नेते. जोसेफ मलोन यांच्या नावानं ही अभ्यासवृत्ती आहे. एक प्राध्यापक जाऊन आला की पुढे वर्षानुवर्षं त्याच्या वर्गातली मुलं शिकतात, हा त्यामागचा साधा हिशेब. शिवाय वॉशिंग्टनमध्ये दरवर्षी धोरणकर्त्यांची मोठी परिषद भरते. तिला तेल आणि संरक्षण क्षेत्रातल्या बड्या कंपन्यांचं प्रायोजकत्व असतं, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. मला स्वतःला त्या परिषदेपेक्षा विद्यार्थ्यांचं काम जास्त मोलाचं वाटतं.

आधी हे पाठ करा

अरब लीगचे सदस्य २२. त्यातले १२ आशियात, १० आफ्रिकेत. इराण त्यात नाही. तुर्कस्तान नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इंडोनेशिया, कुणीच नाही. मुस्लीम आणि अरब या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि ही गल्लत अमेरिकेत होते तितकीच आपल्याकडेही होते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलेले बहुसंख्य अरब तर लेबनॉनच्या डोंगराळ भागातले ख्रिस्ती होते.

लीगची स्थापना २२ मार्च १९४५ ला कैरोमध्ये झाली. म्हणजे ती संयुक्त राष्ट्रांपेक्षाही काही महिन्यांनी मोठी. सगळ्यात शेवटी, १९९३ मध्ये, आला तो कोमोरोस, हिंदी महासागरातला ज्वालामुखींचा द्वीपसमूह. लोकसंख्येनं सगळ्यात मोठा इजिप्त, क्षेत्रफळानं अल्जीरिया. बहारीन इतका चिमुकला की मुंबईपेक्षा जरासाच मोठा भरतो. सौदी अरेबिया एवढा अवाढव्य, पण बारमाही वाहणारी एकही नदी नाही.

इजिप्तनं इस्रायलशी तह केला म्हणून १९७९ मध्ये त्याला निलंबित केलं, आणि लीगचं मुख्यालयच कैरोतून उचलून ट्युनिसला नेलं. दहा-अकरा वर्षांनी इजिप्त परत लीगमध्ये आला आणि मुख्यालय परत कैरोत. सीरियाचं निलंबन २०११ पासून २०२३ पर्यंत चाललं. लीगच्या नियमातली मेख अशी की बहुमतानं झालेला ठराव ज्यांनी मान्य केला त्यांनाच बंधनकारक. एवढं एक कलम ठाऊक असलं तरी अरब लीगच्या निम्म्या बातम्यांचा उलगडा होतो.

पहिला हात मोरोक्कोचा

आता त्या चहा गार करणाऱ्या गोष्टी. अमेरिका नावाचा देश अजून इंग्रजांशी लढत होता, तेव्हा २० डिसेंबर १७७७ रोजी मोरोक्कोच्या सुलतान तिसऱ्या मोहम्मदनं आपली बंदरं अमेरिकी जहाजांना खुली केली. नव्या देशाला मान्यता देणाऱ्यांत मोरोक्कोचं नाव अगदी सुरुवातीला लागतं ते यामुळे. १७८६ मध्ये दोघांचा मैत्री करार झाला. अमेरिकेच्या बाजूनं त्यावर जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्या सह्या आहेत, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या दोघांच्या. हा करार आजही अमेरिकेच्या सर्वांत जुन्या अखंड मैत्री-नात्याचा पाया मानला जातो.

१८२१ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानानं टँजियरमध्ये अमेरिकेला एक वाडा भेट दिला. अमेरिकी सरकारची परदेशातली ही पहिली मालमत्ता. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत परदेशी भूमीवरची वास्तू एकच, ती हीच.

याच टँजियरमध्ये १८३९ साली अमेरिकी वाणिज्यदूत थॉमस कार यांच्या दारात सुलतानाचा माणूस नजराणा घेऊन उभा राहिला. नजराणा म्हणजे एक सिंह आणि एक सिंहीण, जिवंत! अमेरिकी राज्यघटना सांगते की काँग्रेसच्या परवानगीशिवाय कुठल्याही अधिकाऱ्यानं परकीय राजाकडून भेट घ्यायची नाही. कार परोपरीनं विनवत राहिले. पण सुलतानाची भेट परत नेणं म्हणजे त्या माणसाच्या जिवाशी खेळ. घेत नसाल तर रस्त्यात सोडून जातो, म्हणाला. शेवटी वकिलातीतली एक खोली सिंहांना रिकामी करून द्यावी लागली. पुढे ही जोडी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली आणि तिथे तिचा लिलाव झाला.

माझगावचं जहाज न्यूयॉर्कला

आता आपल्या घरची गोष्ट. अमेरिका आणि मस्कत यांच्यातला व्यापारी करार १८३३ सालचा. त्याच वर्षी मुंबईत, माझगावच्या गोदीत, ओमानच्या सुलतान सय्यद सईद यांच्यासाठी एक जहाज बांधून झालं. नाव ‘अल-सुलताना’. सात वर्षांनी, ३० एप्रिल १८४० रोजी, हेच जहाज न्यूयॉर्क बंदराला लागलं. झांझिबारहून निघून, आफ्रिकेला वळसा घालून, अटलांटिक ओलांडून.

जहाजात खजूर होता, कॉफी होती, लवंगा होत्या, हस्तिदंत होतं, गालिचे होते. सुलतानाचे प्रतिनिधी म्हणून अहमद बिन नामान आले होते. फेटा बांधलेले, दाढीवाले, रुबाबदार. त्यांना बघायला न्यूयॉर्कची माणसं लोटली. त्यांचं तैलचित्र काढलं गेलं, ते आजही आहे. अमेरिकेत आलेला पहिला अरब दूत असं त्यांना हौसेनं म्हटलं जातं, पण ते खरं नव्हे. ट्युनिसचे सिदी सुलेमान मेल्लिमेल्ली १८०५ मध्येच येऊन गेले होते. त्यानं अहमद यांचं मोल तसूभरही कमी होत नाही.

त्यांनी राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्यासाठी दोन अरबी घोडे, मोती आणि इतर मौल्यवान वस्तू आणल्या. पुन्हा तोच पेच, भेट घ्यायची कशी? या वेळी काँग्रेसनं रीतसर ठराव करून राष्ट्राध्यक्षांना सरकारच्या वतीनं भेट स्वीकारायची मुभा दिली, आणि जे ठेवून घेणं शक्य नाही ते विकायची. परतफेड म्हणून अमेरिकी नौदलाच्या गोदीत ‘अल-सुलताना’ची सगळी डागडुजी करून दिली गेली.

माझगावच्या सुतारांनी बांधलेलं जहाज न्यूयॉर्कच्या सुतारांनी दुरुस्त केलं. ही हकिगत आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसावी? डॉकयार्ड रोड स्टेशनवरून रोज लोकल पकडणाऱ्या कितीतरी जणांना ती कळायला हवी.

राष्ट्राध्यक्षांनी जेवणाची वेळ बदलली

वर उल्लेख आला त्या मेल्लिमेल्लींना जेफरसननी ९ डिसेंबर १८०५ ला जेवायला बोलावलं. तेव्हा अशी जेवणं दुपारी साडेतीनला होत. पण रमजान सुरू होता. जेफरसननी निमंत्रणावर वेळ लिहिली, बरोबर सूर्यास्ताला. पाहुण्याचा उपास सांभाळायला परराष्ट्र खात्याची फाईल लागली नाही.

राजा, मेंढ्या आणि चाकांची खुर्ची

१४ फेब्रुवारी १९४५. सुएझ कालव्यातलं ग्रेट बिटर सरोवर. ‘क्विन्सी’ या युद्धनौकेवर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि सौदीचे राजे अब्दुल अझीझ भेटले. राजांना आणणाऱ्या ‘मर्फी’ या नौकेच्या डेकवर तंबू ठोकला होता, ताज्या मटणासाठी मेंढ्याही सोबत होत्या. राजांसमोर धूम्रपान नको म्हणून रूझवेल्ट लिफ्टमध्ये जाऊन सिगारेट ओढून आले. राजांचे पाय जुन्या जखमांनी अधू, रूझवेल्टांचे पोलिओनं. निघताना रूझवेल्टांनी आपली जादा चाकांची खुर्ची राजांना देऊन टाकली.

दोघांमधलं संभाषण पेललं ते दुभाषे कर्नल विल्यम एडी यांनी. ते जन्मले लेबनॉनच्या सिडॉनमध्ये, मिशनरी आईबापांच्या पोटी, त्यामुळे अरबी लहानपणापासून तोंडात. दोन देशांचं नातं त्या दिवशी अशा एका जाणत्या माणसाच्या आधारानं उभं राहिलं. अशी माणसं आपोआप मिळत नाहीत, घडवावी लागतात. नॅशनल कौन्सिल जे करते ते हेच. पुढे या संस्थेचं अध्यक्षपद फ्रँकलिन रूझवेल्टांचे नातू डेलानो रूझवेल्ट यांच्याकडे आलं!

जाता जाता

अमेरिकी लष्करानं १८५६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ३० हून अधिक उंट उतरवले, वाळवंटात सामान वाहायला. उंटांसोबत आलेल्यांत एक होता हाजी अली. अमेरिकनांच्या तोंडात त्याचा झाला ‘हाय जॉली’. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड आहे, आणि त्याच्या टोकावर उंट.

रमजानमध्ये आपल्या बाजारात भाव खाणारा मेडजूल खजूर मूळ मोरोक्कोचा. तिथल्या बागांवर रोग पडला असताना १९२७ मध्ये वॉल्टर स्विंगल यांनी ११ रोपं अमेरिकेत नेली. नेवाडात ती वेगळी ठेवून जपली. नऊ जगली, आणि अमेरिकेतल्या मेडजूलच्या बागा त्या नवांवर उभ्या राहिल्या.

त्याच खजुराच्या पट्ट्यात, कॅलिफोर्नियाच्या कोचेला व्हॅली हायस्कूलच्या संघांचं नाव होतं ‘अरब्ज’. चिन्ह म्हणून वाकड्या नाकाचा, दात विचकणारा चेहरा. अरब-अमेरिकी लोकांनी हरकत घेतली, चर्चा झाली. २०१४ मध्ये शाळेनं चेहरा बदलून भारदस्त केला आणि नाव ठेवलं ‘मायटी अरब्ज’.

आता आपण

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. दुबई, मस्कत, बहारीन, कुवेत इथे महाराष्ट्र मंडळं आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल तिकडच्या पैशावर पेटते. भारत २००७ पासून अरब लीगचा निरीक्षक आहे. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. मग मॉडेल अरब लीग आपल्याकडे का भरू नये?

मुंबई, रत्नागिरी, मालेगाव, पुणे इथल्या प्राध्यापकांना ही विनंती. मॉडेल युनायटेड नेशन्सला लागते त्यापेक्षा वेगळी सामग्री याला लागत नाही. २२ पाट्या, एक सभागृह आणि तयारीला दोन महिने. परीक्षक म्हणून आखातात आयुष्य काढून परतलेल्या गावातल्याच माणसांना बोलवा. येत्या डिसेंबरात गॅदरिंगच्या तारखा ठरवाल तेव्हा या संमेलनासाठी एक शनिवार-रविवार राखून ठेवा.