श्रमसंहिता : मालकाला मोकळीक, सफाई कामगाराला ठेकेदार!

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि २९ जुने कामगार कायदे मोडीत निघाले. मालकांना व्यवसाय करणे सोपे झाले, असे सांगितले जाते. सोपे झाले म्हणजे नेमके काय झाले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कपात करायची तर पूर्वी सरकारची परवानगी लागे. आता ही मर्यादा तीनशे झाली. म्हणजे २९९ कामगारांचा मालक नोटीस व भरपाई देऊन परवानगीविना कपात करू शकतो. ठराविक मुदतीची नेमणूक तर याहून सोयीची! एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल हे खरे. पण मुदत संपली की कामगार घरी, आणि त्याला ‘कपात’ म्हणायचे नाही. शिवाय आता प्रत्येक उद्योगात संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे.

परंतु आपल्या समाजाच्या मुळावर येणारी गोष्ट वेगळीच आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, असा कायद्याचा सर्वसाधारण नियम. मात्र झाडलोट, कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, हमाली, बागकाम ही कामे ‘मुख्य’ नाहीत, असे कायद्यानेच ठरवले. अपवाद एवढाच, की आस्थापना त्याच कामासाठी उभी असावी. सफाईवाचून रुग्णालय एक दिवस तरी चालेल काय? मग ही कामे दुय्यम कोणी ठरवली? ती पिढ्यान्‌पिढ्या कोण करत आले, यातच उत्तर आहे. त्यातही पन्नासपेक्षा कमी कंत्राटी कामगार असतील तर कंत्राटी कामगारांचे प्रकरणच लागू नाही. पूर्वी हा आकडा वीस होता. आणि ठेकेदाराकडे आरक्षण कुठले?

तरीही मालकावर काही बंधने आली आहेत, ती आपल्या वस्तीत घरोघर सांगा. दहा वा अधिक कामगार असतील तेथे नेमणूकपत्र सक्तीचे आहे. कामावरून काढले वा राजीनामा दिला, तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशोब दिला पाहिजे. वेतन बुडाल्यास तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. कागद नसला की कामगार न्यायालयात आमचा माणूस निम्मी लढाई तिथेच हरतो. म्हणून आधी नेमणूकपत्र मागा, हजेरीची नोंद जपा.

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मुंबईत संप घडवला. आज हे दोन्ही शत्रू एकाच कलमात भेटले आहेत. झाडूला ‘मुख्य काम’ मानायला लावणे, ही आता चळवळीची मागणी झाली पाहिजे.

जय भीम!