उलट्या होडीवरची माणसं

टायटॅनिक बुडाली त्या रात्री एक होडी उलटी होऊनच समुद्रात गेली. कॅनव्हासच्या बाजू असलेल्या, घडी करून ठेवता येणाऱ्या चार होड्या जहाजावर होत्या. त्यांतली ही ‘बी’ होडी अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छपरावर बांधलेली होती. खाली ओढताना ती पालथी पडली आणि सरळ करायच्या आतच डेकवर पाणी आलं. १५ एप्रिल १९१२ची पहाट उजाडली तेव्हा तिच्या पाठीवर जवळपास तीस पुरुष ओल्या कपड्यांनिशी उभे होते. पाणी शून्याच्याही दोन अंश खाली होतं, मिठामुळे ते गोठलं नव्हतं इतकंच. लाट आली की दुसरा अधिकारी चार्ल्स लाइटोलर हुकूम द्यायचा आणि सगळे एकदम एका अंगाला झुकायचे. काही जण रात्रीतूनच गळून पडले. उरलेल्यांना सकाळी दुसऱ्या होड्यांनी घेतलं आणि मग ‘कार्पेथिया’ जहाजाने वर उचललं.

जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती. वाचली सातशेच्या आसपास. बहुतेक पुस्तकं आणि चित्रपट इथे थांबतात. पण वाचलेल्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न बुडण्याच्या कथेइतकाच मोठा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला या पालथ्या होडीइतकी चांगली जागा नाही. पाणी तेच, थंडी तीच, लाकूड तेच. आयुष्यं मात्र पार वेगळी झाली.

त्या होडीवरून वाचलेल्यांत कर्नल आर्चिबाल्ड ग्रेसी सर्वांत आधी गेला. पन्नाशी ओलांडलेला, इतिहासाचा अभ्यासक. न्यूयॉर्कला पोचल्यापासून त्याने एकच ध्यास घेतला: वाचलेल्यांना पत्रं लिहायची, चौकशीतल्या साक्षी ताडून पाहायच्या आणि कोण कोणत्या होडीत होतं याची खातरजमा करायची. त्याचं पुस्तक १९१३ साली निघालं, पण ते पाहायला तो उरला नव्हता. ४ डिसेंबर १९१२ रोजी, म्हणजे आठ महिन्यांच्या आतच, त्याचा मृत्यू झाला. त्याला मधुमेह होता. इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला दिलं गेलं ते १९२२ साली. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराला ती रात्र झेपली नाही, असं त्याच्या जवळच्यांना वाटत राहिलं, आणि ते पटण्यासारखं आहे.

ग्रेसीच्याही आधी दोन लहान मुली गेल्या होत्या. दोघी तिसऱ्या वर्गातल्या, लेबनॉनहून अमेरिकेत निघालेल्या कुटुंबांतल्या. मारिया नाकिद ३० जुलैला आणि युजेनी बाक्लिनी ऑगस्टच्या अखेरीस गेली, दोघीही मेंदूज्वराने. बोटीत गारठल्यामुळेच हा आजार झाला असं म्हणता येत नाही. प्रतिजैविकं नव्हती त्या काळात, परक्या शहरात नव्याने आलेल्या घरांतली कितीतरी मुलं अशी जात. पण वर्तमानपत्रांनी या मृत्यूंची सांगड टायटॅनिकशी घातली. पुढच्या वर्षी टेहळणीवरचा खलाशी रेजिनाल्ड ली गेला, त्यानंतर आणखी काही जण गेले. अशा बातम्यांतूनच समज पसरला की वाचलेले फार जगलेच नाहीत.

तो समज चुकीचा आहे. २००३ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी वाचलेल्या प्रवाशांची आयुष्यं मोजून त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांशी ताडून पाहिली. हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. प्रवासी इतरांपेक्षा लवकर मेले नव्हते. सरासरीने ते किंचित जास्तच जगले होते, विशेषतः स्त्रिया आणि पहिल्या वर्गातले. त्यात नवल नाही. होडीपर्यंत ज्यांना पोचता आलं त्यांत खात्यापित्या घरच्या बायका पुष्कळ होत्या, आणि अशा बायका तेव्हाही दीर्घायुषीच असत. शरीराचं म्हणाल तर ते बरंच सावरतं. रिचर्ड नॉरिस विल्यम्स या तरुण टेनिसपटूचे पाय इतके गारठले होते की कार्पेथियावरच्या डॉक्टरने ते कापायचा सल्ला दिला. त्याने नकार दिला आणि चालत राहिला. १९१४ आणि १९१६ साली तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला, १९२४ला त्याने ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं आणि १९६८पर्यंत जगला.

मला हा अभ्यास दिलासा देणारा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. तो प्रवाशांचा आहे, नोकरवर्गाचा नाही. आणि कोण किती वर्षं जगलं हे सांगताना, ती वर्षं कशी गेली हे त्याला सांगता येत नाही.

नोकरवर्गाचं पाहा. जहाज पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडालं आणि त्या क्षणापासून खलाशांचा पगार थांबला. ही टायटॅनिकच्या मालक कंपनीची खास क्रूरता नव्हती. सगळ्या व्यापारी जहाजांवर हीच रीत होती. जहाज संपलं की करार संपला. पालथ्या होडीवर पाय रोवून उभा असलेला खलाशी त्या वेळी कागदोपत्री बेकार होता. हे बदलायला १९२० उजाडावं लागलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कराराने जहाज बुडून काम गेलेल्या खलाशाला भरपाईचा हक्क दिला, साधारण दोन महिन्यांच्या पगाराइतका. आजच्या सागरी कामगार करारात तो कायम आहे आणि २०१५ साली भारतानेही तो करार मान्य केला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आणि गोव्यातून जहाजावर जाणाऱ्या मुलांच्या घरी हे कलम माहीत असायला हवं.

फ्रेडरिक फ्लीटच्या वेळी हे काहीच नव्हतं. हिमनग पहिल्यांदा त्याला दिसला. वय २४, आईने टाकलेला, अनाथाश्रमात वाढलेला. घंटा वाजवून त्याने समोर बर्फ असल्याचं फोनवर कळवलं, म्हणजे त्याचं काम त्याने चोख केलं. अमेरिकेच्या सिनेटने नेमलेल्या चौकशीत त्याला दुर्बिणीबद्दल विचारलं, कारण टेहळणीच्या टोपलीत ती नव्हती. असती तर आम्ही तो थोडा आधी पाहिला असता, असं तो म्हणाला. थोडा म्हणजे किती, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की वळून बाजूला निघण्याइतका. या एका उत्तराने त्याचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. टायटॅनिकवरची माणसं कंपनीला नकोशी झाली आहेत हे ओळखून त्याने काही महिन्यांतच ती नोकरी सोडली. १९३६पर्यंत दुसऱ्या जहाजांवर राबला, मग गोदीत, आणि म्हातारपणी साउदॅम्प्टनच्या रस्त्यावर वर्तमानपत्रं विकत उभा राहिला. १९६४च्या डिसेंबरअखेर बायको गेली आणि मेव्हण्याने घर सोडायला सांगितलं. दोन आठवड्यांत फ्लीटने आयुष्य संपवलं. त्याला बेवारशासारखं पुरलं गेलं. थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९३ साली, तोही टायटॅनिकच्या इतिहासप्रेमींनी बसवला.

फ्लीट ७७ वर्षांचा होऊन गेला. आकडेवारीत धरला असता तर तो दीर्घायुषीच ठरला असता.

जपानचा मासाबुमी होसोनो याच्या वाट्याला वेगळी शिक्षा आली. तो रेल्वेचा अधिकारी होता. एका होडीत दोन जागा उरल्याची हाक आली तेव्हा तो चढला. मायदेशी त्याला भित्रा ठरवलं गेलं. सरकारी नोकरी गेली; पुढे पुन्हा कामावर घेतलं, पण लाज घरात मुक्कामाला राहिली. त्याने जहाजाच्याच कागदावर बायकोला सगळी हकीकत लिहिली होती. ते पत्र जगापुढे आलं तेव्हा तो जाऊन अर्धशतक उलटलं होतं. ‘बायका-मुलं आधी’ हा नियम बोटीवर काही तासच चालला, पण वाचलेल्या पुरुषांना तो पुढे कित्येक वर्षं लावला जात होता.

आता पुन्हा पालथ्या होडीकडे. सतरा वर्षांचा जॅक थेयर जहाजावरून उडी मारून तिथवर पोचला होता. वडील बुडाले, आई वाचली. पुढे तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे आर्थिक व्यवहार पाहणारा मोठा अधिकारी झाला. जहाज बुडताना दुभंगलं, हे त्याने स्वतः पाहिलं होतं आणि त्याने ते सुरुवातीपासून सांगितलं. चौकशीने मात्र जहाज अखंड बुडालं असं ठरवलं. १९४० साली त्याने आपली हकीकत छापली, आप्तेष्टांपुरत्या पाचशे प्रती. मग १९४३ला त्याचा वैमानिक मुलगा युद्धात गेला आणि १४ एप्रिल १९४४ला आई गेली, म्हणजे हिमनगाला धडक बसली त्याच तारखेला. सप्टेंबर १९४५मध्ये थेयरने आत्महत्या केली. टायटॅनिकने त्याचा जीव घेतला असं म्हणणं मला पटत नाही. पुत्रशोक पुरेसा होता. पण त्या दुःखाखाली एक जुनं दुःख होतं, आणि त्याला तेव्हा वैद्यकशास्त्रात नावही नव्हतं. आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत स्थान मिळालं १९८० साली. जहाज खरोखरच दोन तुकड्यांत तळाशी सापडलं १९८५ला.

त्याच होडीवरचा हॅरॉल्ड ब्राइड हा २२ वर्षांचा बिनतारी यंत्रचालक. पाय गारठलेल्या अवस्थेतही त्याने कार्पेथियावर बसून संदेश पाठवले, न्यूयॉर्कला पोचल्यावर मुलाखत दिली आणि मग जणू अंगावरची प्रसिद्धी झटकून टाकली. स्कॉटलंडमध्ये फिरता विक्रेता म्हणून अनोळखी आयुष्य जगला आणि १९५६ला गेला.

आणि लाइटोलर? त्याला कंपनीने कधीच कप्तान केलं नाही. १९४०च्या जूनमध्ये, ६६व्या वर्षी, तो स्वतःची छोटी बोट घेऊन मुलासह डंकर्कला गेला आणि सव्वाशेहून अधिक सैनिक कोंबून परत आला. थेयरप्रमाणे त्यानेही युद्धात मुलं गमावली, एक नाही, दोन. तरी तो १९५२पर्यंत जगला. म्हणून अमुक स्वभावाचा माणूस तरतो, असं सूत्र मी मांडणार नाही. एवढंच दिसतं की लाइटोलर आठवणींच्या पुस्तकात, रेडिओवर मनमोकळं बोलला, आणि लोकांनी त्याचं ऐकलं. सात वर्षांची असताना वाचलेली इव्हा हार्ट मुलाखतींतून जहाज दुभंगल्याचं सांगत राहिली. १९९६ला, ९१व्या वर्षी ती गेली तेव्हा तिचं म्हणणं खरं ठरून अकरा वर्षं झाली होती.

ऐकून घेणारं कुणी असण्याने काय फरक पडतो, हे अमेरिकी युद्धनौका ‘इंडियानापोलिस’च्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसतं. ३० जुलै १९४५ला जपानी पाणबुडीने ती बुडवली. सुमारे १,२०० जणांतले ३१६ वाचले, तेही चार दिवस शार्कच्या पाण्यात तरंगून. नौदलाने कप्तान चार्ल्स मॅक्वेवर खटला चालवला: जहाज नागमोडी नेलं नाही. पाणबुडीचा कप्तान हाशिमोतो याने साक्षीत सांगितलं, की नागमोडी नेलं असतं तरी फरक पडला नसता. तरीही मॅक्वे दोषी ठरला आणि मृतांच्या नातेवाइकांची शिव्याशापांची पत्रं त्याला वर्षानुवर्षं येत राहिली. १९६० साली वाचलेले खलाशी पहिल्यांदा एकत्र जमले आणि त्यांनी मॅक्वेला आपला कप्तान म्हणूनच बोलावलं. तो गेला. पण पत्रं थांबली नाहीत. १९६८च्या नोव्हेंबरात त्याने आयुष्य संपवलं.

खलाशी मात्र जमत राहिले. बायका-मुलांना घेऊन येत, जी गोष्ट घरी सांगता आली नव्हती ती एकमेकांना सांगत. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडल्यावर ते वॉशिंग्टनला जाऊन सिनेटच्या समितीपुढे बसले आणि कप्तानाचं नाव स्वच्छ करा म्हणाले. ऑक्टोबर २०००मध्ये संसदेच्या ठरावाने त्याला दोषमुक्त ठरवलं आणि पुढच्या वर्षी नौदलाने त्याच्या सेवापत्रकात तशी नोंद केली.