चावडीवरील सूचना

मराठी विकिपीडिया हा स्वयंसेवकांनी चालविलेला ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात एखादी नवी तांत्रिक सोय हवी असल्यास काय करावे लागते? प्रथम ‘चावडी’ असेच नाव दिलेल्या चर्चापृष्ठावर सूचना मांडावयाची. उणीव कोणती, उपाय कोणता आणि त्यामुळे कोणास अडचण होईल, हे तीत स्पष्ट असावे. चर्चेअंती सहमती झाली, की तिचा दाखला जोडून ‘फॅब्रिकेटर’ या सामायिक नोंदस्थळी मागणी नोंदवितात; तंत्रज्ञ ती तपासून अंमलात आणतात. हा विलंब व्यर्थ नव्हे. कारण आज्ञावलीतील एक बदल प्रत्येक वाचकासमोर येतो. मात्र चावडीच ओस पडली, तर उपयुक्त सूचनाही तेथेच अडून राहते.