चार मिलिमीटरच्या माशाला पुढचे कसे कळते?

पावसाळा सरला की ओढ्याचे पाणी निवळते. काठावर थोडा वेळ बसलात तर बोटाच्या पेराएवढे मासे दिसतात. पाणी सारखे वाहत असते, पण मासे तेथल्या तेथेच! प्रवाहाकडे तोंड करून शेपटी हलवत राहतात. आपण सर्वांनी हे पाहिलेले आहे. ते वाहून का जात नाहीत, असे मात्र फार थोड्यांनी विचारले असेल.

मासा तळाकडे पाहतो. पाण्याने तो मागे ओढला जाऊ लागला की तळाची वाळू व दगड त्याला पुढे सरकल्यासारखे दिसतात. एस.टी. मागे घेताना खिडकीतून झाडे पुढे जाताना दिसतात, तसेच हे. मग मासा त्या दिशेने पोहून आपली जागा राखतो. प्रयोगशाळेत यासाठी ओढा लागत नाही. उथळ भांड्यात मासा ठेवून खालून पडद्यावर काळे-पांढरे पट्टे सरकवायचे. पाणी स्थिर असले तरी मासा पट्ट्यांच्या मागे निघतो.

बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. वत्सला तिरुमलाई यांच्या प्रयोगशाळेत नेमके हेच चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच हे एक केंद्र आहे. डॉ. तिरुमलाई यांनी अमेरिकेत ईव्ह मार्डर यांच्याकडे पीएच.डी. केली. तेथे अभ्यासाला होते शेवंड व खेकडे. पुढे त्या माशांकडे वळल्या. २०२० साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यांचा मासा म्हणजे झेब्रामासा. मत्स्यपेटीच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा जो चपळ मासा मिळतो, तोच. मूळ आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. १९७० नंतरच्या काळात ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले आणि आता जगभर त्याच्यावर काम चालते. आपल्याच ओढ्यानाल्यांतला मासा अमेरिकेतून नावारूपाला येऊन परत आपल्याकडे आला, ही गंमतच म्हणायची.

पण माशाचाच मेंदू का? पालकांनाही हा प्रश्न पडेल. उत्तर सोपे आहे. या माशाचे अंडे आईच्या पोटाबाहेर वाढते आणि पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. एका दिवसात हृदय धडधडू लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर येते, पाचव्या दिवशी ते चांगले पोहते. तेव्हा त्याची लांबी असते सुमारे ४ मिलिमीटर. मेंदूत चेतापेशी सुमारे १ लाख. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. जिवंत मुलाच्या कवटीत डोकावता येत नाही, इथे मात्र कवटी न उघडता सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दिसते. २०१३ साली अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात तर अशा पिल्लाच्या ८० टक्क्यांहून अधिक चेतापेशींचे काम एकाच वेळी टिपले गेले. शिवाय माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा जोडीदार या माशात सापडतो.

आता एका ओळखीच्या रसायनाकडे येऊ. कंपवात झालेली म्हातारी माणसे आपण पाहतो. हात थरथरतो हे सर्वांना दिसते, पण खरी अडचण पहिले पाऊल उचलण्याची असते. उंबऱ्यापाशी येऊन पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत गेल्याने हे होते. तर मग डोपामिन म्हणजे 'चल' असा हुकूम समजायचा का? डॉ. तिरुमलाई व हॉलिस क्लाइन यांनी २००८ साली दाखवले की अजून अन्न न खाणाऱ्या, अगदी कोवळ्या पिल्लात हेच डोपामिन पोहण्याची सुरुवात दाबून ठेवते! आणि २०२० साली उर्वशी झा व डॉ. तिरुमलाई यांना आढळले की पट्ट्यांमागे पोहणाऱ्या पिल्लात डोपामिनचा एक विशिष्ट ग्राहक जागा केला तर अधिक चेतापेशी कामाला लागतात, शेपटी जास्त वाकते आणि वेग वाढतो. रसायन एकच, कोणत्या वयात, कोणत्या पेशीवर, कोणत्या ग्राहकातून ते काम करते त्यावर परिणाम ठरतो. आम्हाला या सर्व कामातला हा भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटला.

दुसरा प्रयोग अनुमस्तिष्काचा. डोक्याच्या मागच्या बाजूचा हा लहान मेंदू तोल व हालचाल सांभाळतो. माणसाच्या एकूण चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के तेथेच असतात. त्यातल्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या मोठ्या पेशींना पुर्किंजे पेशी म्हणतात. श्रीराम नारायणन, आलोक वर्मा व डॉ. तिरुमलाई यांचा याविषयीचा निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला. पिल्लाला तेच पट्टे त्याच प्रकारे पुन्हा पुन्हा दाखवले. पुढे काय येणार याचा अंदाज पिल्लू बांधते, आणि अंदाज पक्का असेल तेव्हा ते लवकर पोहू लागते. मग अचानक पट्ट्यांची दिशा बदलली. तेव्हा 'अंदाज चुकला' असा संदेश पुर्किंजे पेशींकडे धावत आला. अनुमस्तिष्काला इजा केलेल्या पिल्लांत मात्र अंदाजानुसार होणारा हा फरक उरला नाही. सायकल शिकताना किंवा कबड्डीत चढाई करताना आपणही असेच क्षणभर आधी ओळखत असतो.

पण अशी पेशी घडते कशी? चेतापेशी बहुधा रसायने सोडून एकमेकींशी बोलतात. त्याआधी, वाढीच्या काळात, शेजारच्या पेशींमध्ये बारीक छिद्रांच्या थेट विद्युत जोडण्या होतात. सहाना सीतारामन व सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले की या जोडण्यांचे एक प्रथिन नसेल तर पुर्किंजे पेशीच्या फांद्या खुंटतात आणि पुढच्या रासायनिक जोडण्याही कमी होतात. म्हणजे घर बांधताना परांची नसावी, तसेच झाले.

यातून उद्या कंपवाताचे औषध निघेल असे आम्ही म्हणणार नाही. मासा हा माणूस नव्हे. पण यंत्र मुळात कसे चालते हे ठाऊक नसताना दुरुस्ती करणे कठीण, हे आपल्या गावातला कोणताही मेकॅनिक सांगेल.

बंगळूर आपल्याला दूर वाटते, पण तेथे जाणारे विमान सांबऱ्याहूनच उडते. तिकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा, तर मुंबईत टाटा संस्थेत महेंद्र सोनवणे याच माशावर काम करतात. पहिले हृदय व मणक्यांच्या चकत्या पुन्हा कशा भरून येतात यावर, दुसरे त्वचेवर. विज्ञान म्हणजे फक्त डॉक्टर-इंजिनियर असे समजणाऱ्या पालकांनी ही नावेही ऐकून ठेवावीत.

ज्यांना स्वतः पाहायचे आहे त्यांनी काचेच्या सपाट तळाच्या भांड्यात दोन-तीन गप्पी मासे घ्यावेत. पांढऱ्या कागदावर बोटाएवढ्या रुंदीचे काळे पट्टे ओढून तो कागद भांड्याखालून सावकाश सरकवावा. भांडे हलू देऊ नये. मासे कोणत्या दिशेला वळले, दहापैकी किती वेळा, हे वहीत लिहावे आणि नंतर मासे जेथून आणले तेथेच सोडावेत. ओढ्यावर जाताना घरातले मोठे माणूस बरोबर असावे.