क्षयरोग आणि वेगळी भांडी
घरात कुणाला फुप्फुसाचा क्षय निघाला की त्याच दिवशी त्याचं ताट-वाटी वेगळं होतं, भांडी मोरीत बाजूला ठेवली जातात. संध्याकाळी मात्र डास येतात म्हणून खिडक्या लावून सगळं घर एकाच खोलीत झोपतं. खरा धोका तिथे आहे. क्षय ताटावाटीतून पसरत नाही. रुग्ण खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही तुषार उडतात. त्यांतले मोठे खाली पडतात, बारीक हवेतच सुकतात आणि जंतू घेऊन तासन्‌तास तरंगतात. असा कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर गेला की लागण होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णांच्या जवळही न गेलेल्या प्राण्यांना नुसत्या हवेतून लागण झाली. अतिनील किरणांनी शुद्ध केलेली हवा मिळालेले वाचले.

लागण हवेतून होते म्हणून मास्क लावायला सांगतात. साधा मास्क कडांनी सैल असतो, त्यातून जंतू निसटणारच, हा आक्षेप खोटा नाही. निरोगी माणसाला अशा मास्कचा आधार थोडाच. सतत रुग्णांजवळ काम करणाऱ्याला घट्ट बसणारा एन-९५च हवा. पण रुग्णाच्या तोंडावरची गोष्ट निराळी. तुषार बाहेर पडताना ओले आणि मोठे असतात, सुकून हलके होण्याआधीच ते मास्कवर अडतात. दक्षिण आफ्रिकेत बहुऔषधरोधी क्षयाच्या रुग्णांना दिवसाआड साधा सर्जिकल मास्क लावायला दिला. बिनमास्कच्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० गिनीपिगांपैकी ६९ जणांना लागण झाली, मास्कच्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० पैकी ३६ जणांना. धोका संपला नाही, पण एवढ्याशा कापडाने तो जवळपास निम्म्यावर आणला.

हवेतूनच पसरतो तर रुग्णाला घराबाहेर ठेवावं, असं कुणी म्हणेल. ते मद्रासला तपासून झालं आहे. तिथल्या दाटीवाटीच्या घरांत राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबांत, सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्या रुग्णांच्या कुटुंबांपेक्षा जास्त क्षय आढळला नाही. योग्य औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने ओसरतो. घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुधा निदानाआधीच झालेली असते. वेगळ्या ताटाच्या धास्तीने माणूस खोकला लपवतो, तेव्हा हाच निदानाआधीचा काळ लांबतो. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, आणि क्षय निघालाच तर घरातल्या लहान मुलांची तपासणी आधी करावी.